काचेची खाज

परवा चुलतबहिणीच्या लग्नात, भर पंगतीत, माझ्या हातातली वरणाची बादली काढून घेतली. मी मनगट खाजवत होतो, एवढाच गुन्हा. "याले खरूज झाली," काकाजींनी मांडवभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, "याच्या हातचं घेऊ नका बाप्पा." लगोलग पाच-सहा पत्रावळ्यांवर तळहात आडवे आले. वांग्याची भाजी वाढणाऱ्या पोराच्या नाकाला शेंबूड होता. त्याला कोणी काही बोललं नाही.

खरूज नव्हती. फायबरग्लासची भुकटी होती. आणि हे काकाजींना पक्कं ठाऊक होतं, कारण ती उडत होती तेव्हा ते समोरच्या खाटेवर बसून खर्रा घोटत होते. दोन दिवस.

काम म्हटलं तर किरकोळ. जुन्या जीपच्या दारात साडेसहा इंची स्पीकर मावत नाही. काच खाली उतरली की मागच्या चुंबकावर आपटते. म्हणून स्पीकर दोन इंच बाहेर घ्यायचा आणि त्याच्याभोवती फायबरचा उंचवटा घडवायचा. दाराचं पॅड सोडवून अंगणात ठेवलं नाही तोच आवाज आला.

"काय करून रायला बे?"

"स्पीकरचा खोका, काकाजी."

"मंग लाकडाचा कर नं. सुतार मेला काय गावातला?"

सुतार ठणठणीत आहे. पण दाराचं पॅड कुठंच सपाट नसतं, आणि ती वळणं प्लायला जमत नाहीत. फायबर ज्यावर टाकाल त्याचाच आकार घेतं, फक्त त्याला चिकटू द्यायचं नाही. पॅडवर मास्किंग टेपचे दोन थर, वर अॅल्युमिनियम फॉइल, फॉइलवर मेणाचं पॉलिश. यात आळस केला तर साचा आणि माल जन्माचे एक होतात. मग काचेच्या धाग्यांच्या मॅटचे (चौरस मीटरला 300 ग्रॅमवाल्या) दोन थर, आणि त्यावर ब्रशनं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. ओढला की मॅटचे धागे ब्रशला लागून येतात. मॅट पारदर्शक झाली म्हणजे रेझिन मुरलं, पांढरा ठिपका दिसला म्हणजे तिथं हवा अडकली. मॅटच्या वजनाच्या साधारण अडीचपट रेझिन लागतं. जास्त ओतलं की जास्त मजबूत, असं नाही. मॅटशिवायचं नुसतं रेझिन वाळल्यावर पापडासारखं तडकतं.

हे सगळं सामान गावात मिळत नाही. अर्धा किलो मॅटसाठी नागपूर गाठावं लागतं, तिकीट मॅटपेक्षा महाग पडतं, आणि दुकानदार विचारतो, "फक्त अर्धाच किलो?"

असो. काकाजी आता बाटल्यांपाशी आले होते.

"हे दोन कायले? एकातच ओत नं, टाइम वाचते."

एका बाटलीत कोबाल्ट, दुसरीत हार्डनर. रेझिन घट्ट करतो तो हार्डनर, त्याला वेग देतो तो कोबाल्ट. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, त्यानंतरच हार्डनर. दोन्ही थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो; शेजारी-शेजारी ठेवणंसुद्धा वेडेपणाच. मी बाटल्या उचलून कोठीच्या दोन टोकांना ठेवल्या. काकाजींना वाटलं, मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. त्यावर पंधरा मिनिटं गेली.

हार्डनर रेझिनच्या 1 ते 2 टक्के घालतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा 1 टक्काच पुरे. म्हणजे पाव किलोला अडीच ग्रॅम, सुईशिवायच्या सिरिंजनं घेतलेले. त्यातही काम सकाळी सहाला उरकावं. काकाजींच्या समजुती काढता काढता मला अकरा वाजले. खोल मगात कालवलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं. पसरट ताटलीत ओतलं असतं तर ती उष्णता निघून गेली असती. पाचव्या मिनिटाला मगातून धूर, ब्रश आत उभाच्या उभा गोठलेला.

"चहा आटला तुया," काकाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्पीकर बसवायची 12 मिमी प्लायची गोल कडी चार काड्यांवर हॉट ग्लूनं उभी केली, ड्रायव्हरच्या कानाकडं जराशी कललेली. कडीपासून पायथ्यापर्यंत जुना टी-शर्ट ताणून स्टेपल मारायचे, त्याला रेझिन पाजायचं, कडक झाला की आतून मॅटचे दोन-तीन थर. सुरकुती राहिली तर तीच दगडाची होते. माझं कापड एका कोपऱ्यात खोल जात होतं. आत काहीतरी भर हवी होती, आणि हे मी मोठ्यानं बोललो. चूक माझीच.

काकाजी घरी गेले आणि माळ्यावरचा मखराचा खांब घेऊन आले. थर्माकोलचा, सोनेरी चमकी लावलेला. 2018 पासून थर्माकोलवर बंदी, तेव्हापासून जपून ठेवलेला.

"हे भर आतमंदी. हलकं रायते."

"काकाजी, रेझिन थर्माकोल खाते."

"खाते? तोंड हाये काय त्याले?"

रेझिन पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन असतं. थर्माकोलही स्टायरीनचाच बनतो, म्हणून त्यात विरघळतो. भरायचंच तर पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्यावा, नाहीतर हे पॉलिएस्टर रेझिन सोडून इपॉक्सी रेझिन वापरावं. हे सगळं मी सांगितलं. काकाजींनी शांतपणे ऐकलं, खांबाचा तुकडा मोडला आणि ताटलीत बुडवला. तुकडा सुस्कारा सोडल्यासारखा खाली बसला. राहिली ती वर तरंगणारी चमकी.

"गेला नं बे!" म्हणत त्यांनी दुसरा बुडवला. मग तिसरा. मग नातवाला हाक मारली. मग शेजारच्या दोघांना. हार्डनर घातलेलं पाव किलो रेझिन या प्रयोगात संपलं आणि वर मलाच ऐकवलं, "आधी सांगाव नं, खांब वाया गेला."

घासकामाला बसलो तेव्हा लाइट नव्हती, म्हणून ग्राइंडर नाही, हातानं 80 नंबरचा पेपर. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरल्यावर 120, मग 220. पहिल्या घासणीला वॉटर पेपर आणि पाणी वापरलं की भुकटी उडत नाही. पूर्ण बाह्या, हातमोज्यात खोचलेल्या, तोंडाला मास्क. हे सगळं मी केलं, आणि घाम आला तेव्हा गळ्यातल्या दुपट्ट्यानं मान, मनगटं पुसली. त्याच दुपट्ट्यावर दिवसभराची काच बसलेली होती. अशा वेळी चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून उपटायची, मग थंड पाणी, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. मी चोळलं. दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

स्पीकर बसला. दार धडाधडा लावलं तरी उंचवटा हलत नाही. काकाजींनी बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "पलाष्टिकच दिसते. बजारात तीनशेले भेटते."

अजून दुसरं दार बाकी आहे. आज सकाळी त्यांचा नातू निरोप घेऊन आला होता, मखराचे आणखी तीन खांब आहेत, काम कधी काढता ते सांगा.