रस्ता गेला म्हणजे जंगल गेलं?

"हा हिशोबच लबाडीचा आहे," मन्या म्हणाला. वाद जगातल्या उरल्यासुरल्या अखंड जंगलांच्या नकाशावरून पेटला होता. २००० ते २०१३ या काळात ही जंगलं ७.२ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ९ लाख १९ हजार चौरस किलोमीटरनी घटली, असं मेरिलँड विद्यापीठ, ग्रीनपीस वगैरेंच्या गटाने २०१७ साली मांडलं. मन्याचा मुद्दा असा, की यातली ढीगभर झाडं अजून जागेवर उभी आहेत. मग घटलं काय?

अस्मिताने आधी नियम सांगितले. या पद्धतीत अखंड जंगल शोधत नाहीत. सगळा जंगलपट्टा अखंडच आहे असं धरून चालायचं आणि उपग्रहचित्रात माणसाची खूण दिसेल तिथे खोडत जायचं. रस्ता, रेल्वे, गाव, पाइपलाइन, विजेची लाइन, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचा एकेक किलोमीटर वजा. शेती, खाण, अलीकडची लाकूडतोड वजा. उरलेला तुकडा किमान ५०० चौ. किमी हवा, त्यात कुठेतरी १० किमी व्यासाचं वर्तुळ बसायला हवं, आणि दोन भाग जोडणारी पट्टी २ किमीपेक्षा अरुंद असेल तर ती धरायची नाही.

"झालं तर मग, हे गणित कर," मन्या म्हणाला. "३० बाय ३२ किलोमीटरचं जंगल, ९६० चौ. किमी. बरोबर मधून ३० किमीचा रस्ता काढला. दोन किलोमीटरचा पट्टा वजा, म्हणजे ६० गेले. उरले ४५०-४५० चे दोन तुकडे. दोन्ही पाचशेच्या खाली, दोन्ही बाद! रस्त्यासाठी ३० मीटर रुंदीची तोड धर, ९० हेक्टर होते. तोडलं ९० हेक्टर, नकाशावरून गेलं ९६ हजार हेक्टर. याला काय म्हणायचं?"

"इशारा म्हणायचं," अस्मिता म्हणाली. ब्राझीलच्या रोंडोनियात बीआर-३६४ महामार्ग १९८४ मध्ये डांबरी झाला आणि त्याला काटकोनात फाटे फुटले. माशाच्या काट्यासारखी ती तोड उपग्रहचित्रात आजही दिसते. ॲमेझॉनमधली जवळजवळ ९५ टक्के तोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटर किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आहे. "म्हणजे एक किलोमीटर वजा करणं हे कमीच झालं, जास्त नाही."

नाना इतका वेळ गप्प होते. त्यांचा दोघांशीही झगडा नव्हता, त्यांचा राग रस्त्यांच्या डेटावर. "अरे, नियम कितीही चोख असू दे, रस्ताच नोंदलेला नसेल तर वजा काय करणार?" बोर्निओ, सुमात्रा, न्यू गिनी भागात उपग्रहचित्रं डोळ्यांनी तपासली तेव्हा नेहमीच्या रस्ते-डेटापेक्षा ३ ते ६.६ पट रस्ते सापडले. २०२४ चा अभ्यास आहे. काँगो खोऱ्यात आणखी पंचाईत. तिथे हेक्टरी एखाददुसरंच झाड काढतात. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत लहान ठिपका, म्हणजे पिक्सेल, ३० मीटरचा, एका हेक्टरात जेमतेम अकरा. एका झाडाचं भगदाड त्यात विरघळून जातं. लाकूड नेण्याचा तांबड्या मातीचा रस्ता तेवढा उठून दिसतो, पण वापर थांबला की काही वर्षांत त्यावर हिरवळ चढते. त्यात गॅबनच्या किनाऱ्यावर ढग हटत नाहीत, तिथे ढगांपलीकडचं बघणारं सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार लागतं.

"क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करून बघणारे तर हमखास दोन ठिकाणी आपटतात," नाना पुढे म्हणाले. एक, नकाशाचा थर अक्षांश-रेखांशाच्या अंशांतच ठेवून बफर, म्हणजे रस्त्याभोवतीचा पट्टा, काढतात. आकडा १ टाकला की एक किलोमीटरऐवजी एक अंश, विषुववृत्तावर १११ किमी. आधी मीटरमधल्या समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणाऱ्या प्रक्षेपणात आणायचं. दुसरं, रस्ते वजा केल्यावर उरलेली बहुभागी आकृती (अनेक तुकडे, पण एकच धरलेली) सुटी करायला विसरतात. मग सतरा तुकड्यांचं क्षेत्र एकत्र मोजलं जातं आणि सगळंच पाचशेच्या वर! अरुंद पट्ट्या काढायला आत १ किमी बफर, म्हणजे तुकडा कडेपासून १ किमी आक्रसायचा, मग बाहेर १ किमी फुगवायचा. वर्तुळाच्या अटीसाठी आत ५ किमी बफर. काहीच उरलं नाही तर तुकडा बाद.

"पण मग आपलं कोयना अभयारण्य ४२३ चौ. किमीचं, एकट्याने पहिल्याच अटीत बाद," मन्याने पुन्हा सुरू केलं. "चांदोलीचे ३१७ मिळवले तरी मध्ये कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, रस्ते, जुनी गावठाणं. सह्याद्रीची पट्टीच अरुंद, तिचा काय गुन्हा?" त्याला शून्य ते दहा गुण देणारा अखंडतेचा निर्देशांक बरा वाटतो. २०२० साली तो जगभरासाठी काढला, तेव्हा सुमारे ४० टक्के जंगल वरच्या वर्गात बसलं. त्यात पाचशेची कुऱ्हाड नाही.

अस्मिताला ते पटेना. लाकूड कंपनीला "तुझा भाग ८.३ गुणांचा" म्हणून काय होणार? २०१४ मध्ये जबाबदारीने काढलेल्या लाकडाच्या प्रमाणपत्राचे नियम ठरवणाऱ्या एफएससी या संस्थेच्या सभेत अखंड जंगलं राखायचा ठराव झाला, तो या नकाशावर बोट ठेवता येतं म्हणूनच. आणि घट झाली त्यात लाकूडतोडीचाच वाटा सर्वांत मोठा, ३७ टक्के.

"कोयना वगळली म्हणून रडतोस," नाना म्हणाले, "आणि आपल्याकडच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टरवर झाडांच्या फांद्या-पानांचं दहा टक्के छत्र असलं की वनाच्छादन, मग ती रत्नागिरीतली हापूसची बाग का असेना. ते चालतं तुला?"

"ते नाही चालत. पण म्हणून पाचशेच का? शंभर का नाही?"

"शंभर कर. कर आणि मला दाखव, पश्चिम घाटात किती तुकडे उरतात ते. मात्र रस्ते स्वतः काढ, आयते घेऊ नकोस."