सुवर्णदुर्गाच्या अलीकडचं हर्णै

सुवर्णदुर्ग या समुद्रातल्या किल्ल्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यात रत्नागिरी जिल्ह्यातलं हर्णै म्हणजे ‘सुवर्णदुर्गाला जायची होडी मिळते ते ठिकाण’ एवढ्यावरच उरकलंय, ते खटकलं. २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या यादीत गेला, आनंदच आहे. पण किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्लाही आहेत, त्यांचं लेखात साधं नावही नाही! १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हेही सोयीस्करपणे गाळलंय.

आणि हर्णैचा मासळीचा लिलाव? उन्हं कलली की बंदरावर जा. ओल्या वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, भोवती कोळणींचं कोंडाळं, आणि बोली इतक्या झपाट्याने चढते की आपल्याला आकडा कळेपर्यंत माल टोपलीत गेलेला असतो. फक्त सेल्फीसाठी मधे उभे राहू नका, त्या बायका कामावर असतात (आणि चांगलंच सुनावतात, अनुभवाने सांगतोय).

अजून एक. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा येऊन हॉटेलात ‘सुरमई ताजी आहे ना?’ विचारणाऱ्यांनी उत्तर स्वतःच ओळखावं.