‘पहिल्याच पावसात फोटो वाहून गेला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार दिलात, त्याचा राग नाही. पण ‘80 रुपये घेऊन लॅमिनेशन केलं, पहिल्याच पावसात आजोबांचा फोटो वाहून गेला, एका फोटोसाठी दोन फेऱ्या मारायला लावल्या, स्प्रेसुद्धा मारला नाही आणि आता स्वतःचा महाग कागद खपवायला बघतात’ हे चार लोक वाचणार, म्हणून उत्तर इथेच देतो.

फोटो परत घेऊन आलात तेव्हा काउंटरवर आपण दोघांनी तो नीट पाहिला. आजोबांचा चेहरा, पुढ्यातली पेटी, सगळं जागच्या जागी होतं. रंग फुटला होता तो फक्त खालच्या कडेपासून बोटभर आत, गुलाबी आणि निळा. प्लास्टिकमधून पाणी गेलं असतं तर डाग मध्येही कुठेतरी पडला असता. आम्ही देताना चारी बाजूंनी प्लास्टिकची तीन-चार मिलिमीटर पट्टी सोडली होती. वरचा आणि खालचा थर तिथेच एकमेकाला चिकटतो. फ्रेममध्ये बसेना म्हणून तुम्ही ती घरी कातरीने फोटोला लागून कापलीत, हे तुमचंच सांगणं. पावतीवर ‘कड कापू नये’ असा शिक्का त्याचसाठी आहे. कड उघडी पडली की कागद वातीसारखी ओल ओढतो. त्यात फोटो टांगला चिऱ्याच्या भिंतीला, तीही पावसाच्या माऱ्याची बाजू. जुलैत अशा भिंतीला हात लावला तर काय होतं, ते फोंड्यात कुणाला सांगायला नको.

खरा प्रश्न शाईचा आहे, कारण फोटो तुम्ही घरी छापून आणला होतात. घरच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये रंगीत शाया बहुतेक डायच्या असतात, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला. वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा सुटतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते विरघळत नाहीत. बऱ्याच मॉडेलांत काळी तेवढी पिगमेंट आणि बाकीच्या डाय. म्हणून मुलांच्या प्रोजेक्टवर पाणी सांडलं की अक्षरं राहतात आणि चित्र पसरतं. घरी बघायचं असेल तर साध्या कागदावर रंगीत काहीतरी छापा, दिवसभर वाळू द्या, वर थेंब टाकून टिश्यूने टिपा. टिश्यू रंगला तर शाई डायची. कागदाचंही तसंच. तुमचा कागद पुढून चकचकीत, पण मागून पाणी पिणारा होता. आम्ही ठेवतो तो आरसी कागद, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असलेला. महाग आहे, खरं आहे.

दोन फेऱ्यांबद्दल: फोटो आदल्या रात्री छापलेला होता. शाईतला ओलावा पुरता उडायच्या आत गरम लॅमिनेशन केलं तर तो आतच कोंडतो आणि काही दिवसांनी धुरकट ठिपके उठतात. वाळायला पूर्ण 24 तास द्यायला लागतात, पावसाळ्यात जास्तच.

स्प्रे मुद्दामच मारला नाही. अॅक्रिलिक क्लिअर स्प्रे चांगला असतो, आम्हीही वापरतो, पण कोरड्या दिवसांत, पातळ तीन हात, प्रत्येक हात वाळू देऊन. भर पावसात मारला तर हवेतला दमटपणा त्यात अडकून फोटोवर दुधाळ पापुद्रा येतो. पाण्यात कालवायचं वॉर्निश ब्रशने लावलंत तर डायचा रंग ब्रशलाच येईल. आणि कुणी हेअर स्प्रे सुचवला तर ऐकू नका. केस धुतले की निघून जावा म्हणूनच तो बनवतात, फोटोवर पाऊस कसा अडवेल?

त्यामुळे 80 रुपये परत मिळणार नाहीत. पण आजोबांचा फोटो राहायला हवा, यात वाद नाही. मूळ फाइल मोबाइलमध्ये असेल तर घेऊन या. व्हॉट्सअॅपने पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती बारीक होऊन येते. आरसी कागदावर पिगमेंटमध्ये काढून देतो, प्रिंटचे पैसे लागतील, लॅमिनेशनचे घेणार नाही. तोही ओला असताना चोळू नका, कण खरवडले जातात. लॅबमधला, म्हणजे शाईऐवजी रसायनांत काढलेला फोटो हवा असेल तर तसं सांगा, तो पाण्यात धुऊनच तयार होतो, ओलीला त्यामानाने कमी घाबरतो.

येताना फ्रेम घेऊन या. मापाचा प्रिंट काढू, काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घालू आणि मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावू, म्हणजे फ्रेम भिंतीपासून जराशी सुटी राहील.