दारापुढची जागा

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या माझ्या मावशीला नव्या टॉवरमधलं घर मिळणार हे पक्कं झालं, तेव्हा फोनवर आम्ही बोललो ते सगळं चौरस फुटांबद्दलच. 160 च्या खोलीऐवजी 500, आणि संडास घरात. सत्तरीतल्या बाईची रात्री सामायिक संडासापर्यंतची पायपीट थांबणार असेल तर पुनर्विकास हवाच. चाळीच्या आठवणी काढून त्याला विरोध करणं, तेही परदेशात बसून, मला पटत नाही.

पण आपला सगळा वाद ‘किती फूट?’ इथेच का संपतो? चाळीत मजल्यावर 20 खोल्या, मधे एकच लांब पॅसेज. मावशीचं तांदूळ निवडणं, पोरांचा अभ्यास, भांडणं आणि समेट, सगळं तिथेच व्हायचं. त्या जागेचा हिशेब कुठल्याच करारात नसतो.

मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात राहतो. इथल्या माँटेसरी शाळेची इमारत हर्मन हर्ट्झबर्गर यांची, 1960च्या दशकातली. 1932 साली जन्मलेल्या या डच वास्तुविशारदाने शाळेच्या मधल्या हॉलमध्ये विटांचा एक चौथरा बांधून ठेवला, बस्स. तो हलवता येत नाही, म्हणूनच मुलं त्याचं काहीही करतात: बसायला बाक, नाटकाला रंगमंच. बालवर्गाच्या जमिनीत चौकोनी खड्डा आहे, लाकडी ठोकळ्यांनी भरलेला. ठोकळे बाहेर काढले की तीच आसनं.

याच गावात त्यांनी ‘डायगून’ नावाची आठ घरं मुद्दाम अर्धवट ठेवून दिली. खोल्या किती, कुठे, ते राहणाऱ्यांनी ठरवायचं. इथल्याच आपेलडोर्न शहरातल्या विमा कंपनीचं 1972 मधलं कार्यालयही तसंच होतं: उघड्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंती, आणि त्यांत कर्मचाऱ्यांनी घरून आणलेली झाडं, चित्रं. 2012 मध्ये हर्ट्झबर्गर यांना ब्रिटनचं वास्तुकलेचं रॉयल सुवर्णपदक मिळालं. मला मोठं वाटतं ते त्यांचं उंबरठ्याकडे लक्ष देणं. घर आणि रस्ता यांच्या मधल्या, दोघांच्याही असलेल्या जागेला ते खोलीइतकंच महत्त्व देतात. ऊन पडलं की इथे माणसं दारापुढच्या बाकावर कॉफी घेऊन बसतात. माझी शेजाऱ्यांशी ओळख झाली ती तिथेच.

मुंबई-पुण्यात कितीतरी चाळी आणि सोसायट्यांचे नकाशे अजून कागदावरच आहेत. लिफ्टपुढचा पॅसेज किती रुंद, तिथे खिडकी आहे का, दाराशेजारी बसायला कट्टा आहे का, हे रहिवाशांनी सभेत कार्पेट एरियाइतकंच हट्टाने विचारावं. सही करण्याआधी.