नव्या रेस्टॉरंटात सहकुटुंब जेवायला जाणाऱ्यांसाठी काही सूचना

पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या बाजूला नवे रेस्टॉरंट उघडले की तिथे जाऊन आल्याखेरीज चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. गेल्या शनिवारी रात्री आम्हीही हे कर्तव्य पार पाडले. पत्नी, मी आणि मंगळवेढ्याहून चार दिवस राहायला आलेली माझी मावशी असे तिघे जण तिथे गेलो आणि बिल भरून परत आलो. आपल्यालाही लवकरच ही वेळ येणार असल्याने काही सूचना देऊन ठेवतो.

घरून जेवून निघावे.

आठ वाजताचे टेबल आरक्षित केले असले, तरी पावणेनऊपर्यंत दारात उभे राहण्याची तयारी ठेवावी. काचेतून आत रिकामी टेबले दिसत असतील, तर तो आपल्या नजरेचा दोष समजावा. तेवढ्या वेळात दारावरच्या तरुणीला आपला मोबाइल क्रमांक, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस सांगून टाकावा.

मेनूकार्ड मागण्याचा गावंढळपणा करू नये. टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करावा आणि समोरच्याचा चेहराही धड दिसू नये अशा उजेडात वडीलधाऱ्यांना एकेक पदार्थ मोठ्याने वाचून दाखवावा. आकड्यांपुढे रुपयाचे चिन्ह नसते. नुसते ७४५ असे लिहिलेले असते. त्यामुळे ती किंमत नसून उष्मांक असावेत, असा काही काळ दिलासा मिळतो.

‘पाणी कोणते आणू?’ या प्रश्नाला ‘साधे’ असे उत्तर देऊ नये, कारण ते ऐकू न येण्याचे प्रशिक्षण तिथे दिलेले असते. बाटली येईल आणि तिच्यावर छापलेल्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम बिलात दिसेल. विचारलेच, तर हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ सालचा निकाल आहे, असे व्यवस्थापक नम्रपणे सांगतील. ते खरे आहे. त्यांचा हा कायद्याचा अभ्यास लक्षात ठेवावा; पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता मुख्य पदार्थाविषयी. ‘हेरिटेज मिलेट प्लेट’ या नावाखाली पिठले-भाकरी मिळत असेल, तर ती अवश्य मागवावी. भाकरी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची असल्याचे आणि त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचेही मेनूत नमूद होते. मावशीला त्याचे केवढे कौतुक वाटले! समोर आली ती एक काळी पाटी. तिच्यावर बिस्किटाएवढ्या तीन भाकऱ्या, कडेला पिठल्याचे पाच ठिपके, ठेच्याचा हिरवा फेस आणि चिमट्याने ठेवलेले एक पिवळे फूल. मावशीने भाकरी मोडायला घेतली, तर ती वाकली आणि मग मधोमध तडकली. कडा इतक्या गोल होत्या, की ती थापलेली नसून लाटून साच्याने कापलेली आहे, हे त्या अंधारातही कळत होते. ‘पिठाची विरी (चिकटपणा) गेलीय’, एवढेच मावशी म्हणाली आणि तुकडा खाली ठेवला.

अशा वेळी हसून ‘वेगळेच आहे’ असे म्हणावे, हा सल्ला मी देणार होतो. पण का म्हणावे? ज्वारीच्या पिठाला गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून ते उकळत्या पाण्यात भिजवून तळहाताने रगडून मळावे लागते. जुने पीठ थापताना कडांना चिरते, म्हणून दळण बेताचे आणतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे, ते सुकता सुकता उलटायची, मग जाळावर धरून फुगवायची आणि पापुद्रा सुटला की थेट ताटात वाढायची. थंड झालेली भाकरी कडक होते, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. यांना ते ठाऊक नाही आणि तरीही हे ७४५ रुपये घेतात. पिठल्याला नीट वाफ आणलेली नसल्यामुळे बेसनाचा कच्चा वास येत होता आणि त्या पाच ठिपक्यांतही एक गुठळी होती. पाच ठिपक्यांत गुठळी! वेटरला हे सांगितले, तेव्हा ‘हा शेफचा टेक आहे’ असे उत्तर मिळाले. त्या मुलाचा दोष नाही. त्याला जे पढवले, तेच तो बोलला.

गोड मागवू नये.

बिल मात्र सावकाश वाचावे. आमच्या पदार्थांचे ४,२०० रुपये झाले होते. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, म्हणजे बरोबर ४२० रुपये. (फसवणुकीचे कलम भारतीय न्याय संहितेत आता ३१८ झाले असले, तरी जुनी ओळख अशी सहज पुसत नाही.) मग या दोहोंच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, २३१ रुपये, म्हणजे न मागितलेल्या सेवाशुल्कावरही २१ रुपये कर. एकूण ४,८५१. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढून सेवाशुल्क आपोआप बिलात लावण्यास मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना वैध ठरवल्या आहेत, असे मी सांगितले. पाण्याच्या बाटलीचा निकाल सालासकट पाठ असलेल्या त्याच व्यवस्थापकांना याची मात्र गंधवार्ता नव्हती. ‘सिस्टीममधून काढता येत नाही’, हे त्यांचे उत्तर. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी मोबाइलवर लावायला घेतला, तेव्हा मात्र ती सिस्टीम झटकन वठणीवर आली.

पुरे झाल्या सूचना. मालक महाशय, तुम्हाला लाज वाटायला हवी. ज्या गावची ज्वारी म्हणून मिरवता, त्याच गावच्या बाईसमोर शिळी भाकरी ठेवता आणि वर तिच्याकडून सेवेचे पैसे मागता! भाडे जास्त आहे, सजावटीला खर्च आला, हे सगळे मान्य. पण तो खर्च कच्च्या बेसनातून वसूल करू नका. आणि घास तोंडात जाण्याआधीच फोटो टाकून ‘मस्ट व्हिजिट’ लिहिणाऱ्यांनो, निदान जेवून तरी लिहा. तुमचे वाचूनच आम्ही तिथे गेलो होतो. आणि मालक, बिल भरण्याआधी टॅबलेट पुढे करून पाच तारे मागण्याचा निर्लज्जपणा आधी बंद करा आणि त्या स्वयंपाकघरात भाकरी थापता येणारी एक तरी बाई चांगल्या पगारावर नेमा.