देव जिंकतात, पण सुटत नाहीत

देव आणि असुर यांच्या युद्धकथा आज ज्या थाटात सांगितल्या जातात, त्यात एका बाजूला तेजस्वी सज्जन आणि दुसऱ्या बाजूला शिंगे-सुळे असलेले दुष्ट उभे असतात, आणि निकाल पहिल्याच प्रसंगात कळून चुकतो. माझे मत असे की, या कथा रचणाऱ्यांनी असुरांपेक्षा देवांचीच झाडाझडती अधिक कठोरपणे घेतली आहे आणि नेमका तोच भाग आपण मुलांना सांगताना गाळतो.

पुराणांनुसार दोन्ही पक्ष कश्यपाची संतती. अदितीचे आदित्य, दितीचे दैत्य, दनूचे दानव. म्हणजे मुळात ही सावत्र भावांची भाऊबंदकी आहे.

वृत्रवधाची भागवताच्या सहाव्या स्कंधातली कथा पाहा. त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप हा देवांचा पुरोहित. मातृकुळाच्या ओढीने तो यज्ञातला भाग गुपचूप असुरांनाही देतो, हे कळताच इंद्र त्याची तिन्ही मस्तके उडवतो. पुत्रशोकाने पेटलेल्या पित्याच्या यज्ञातून वृत्र उत्पन्न होतो. थोडक्यात, ज्या शत्रूने त्रैलोक्य हादरले, तो इंद्राच्याच कृत्यातून जन्मला. पुढे दधीचींनी देह ठेवून दिलेल्या अस्थींचे वज्र बनते, पण ऐन युद्धात वृत्राच्या प्रहाराने ते इंद्राच्या हातून निसटते आणि शत्रूदेखत ते उचलण्याची त्याला लाज वाटते. तेव्हा वृत्रच त्याला म्हणतो की, वज्र उचल आणि शत्रूला मार, ही विषादाची वेळ नव्हे. संपूर्ण युद्धात याहून उमदे वाक्य कोणत्याही देवाच्या तोंडी नाही. वृत्र मरतो, पण ब्रह्महत्येचे पातक मागे लागल्याने विजेता इंद्र मानस सरोवरातल्या कमळाच्या देठात लपून बसतो आणि स्वर्गाच्या सिंहासनावर नहुष या मानवाला बसवावे लागते. ऋग्वेदात ज्या पराक्रमाचा जयघोष आहे, त्याचा पुराणकारांनी काढलेला हा हिशेब आहे.

त्रिपुरदहनात आणि महिषासुरवधात असा नैतिक पेच फारसा नाही, पण तिथेही देव स्वबळावर जिंकत नाहीत. महिषासुराशी शंभर वर्षे लढून ते हरतात आणि त्यांच्या एकवटलेल्या तेजातून प्रकटलेली देवी त्यांचे काम करते. संजीवनी विद्येसाठी तर बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शत्रूच्या गुरूकडे शिष्य म्हणून धाडले जाते. राजनीती म्हणून हे चतुर असेल. धर्मयुद्ध म्हणणे मला जड जाते.

बळीच्या बाबतीत कथाकार अधिकच स्पष्ट आहेत. समोरचा बटू म्हणजे विष्णू आहे, असे शुक्राचार्यांनी बजावूनही तो दिलेला शब्द मोडत नाही. त्याचे राज्य जाते खरे. मात्र सुतल लोकात विष्णू त्याचा द्वारपाल होतो आणि पुढल्या मन्वंतरातले, म्हणजे सावर्णी मनूच्या कालखंडातले, इंद्रपद त्याच्यासाठी राखले जाते. हरलेल्या पक्षाचा हा सन्मान स्वर्ग परत मिळवलेल्या इंद्राच्या वाट्याला आलेला नाही.

असे वाचणे हा देवांचा अवमान आहे, असे काहींना वाटेल. त्यांनी केनोपनिषद उघडावे. तिथे विजय ब्रह्माने, म्हणजे परमतत्त्वाने, मिळवून दिलेला असतो आणि देव तो आपलाच समजून फुगतात. मग एक यक्ष प्रकट होऊन अग्नीपुढे गवताची काडी ठेवतो. सर्व काही जाळू शकणाऱ्या अग्नीला ती जळत नाही आणि वायूला ती हलत नाही. दोघे हात हलवत परततात. इंद्र जवळ जाताच यक्ष अदृश्य होतो, पण इंद्र माघारी न फिरता तिथेच प्रकटलेल्या हैमवती उमेला विचारतो की, तो कोण होता. तिच्या उत्तरातून त्याला ब्रह्म कळले, म्हणून तो इतर देवांहून श्रेष्ठ, असे उपनिषद सांगते; त्याने मारलेल्या असुरांचा तिथे उल्लेखही नाही.