टाकीवरचा सूर्य

100 वॅट. पाण्याच्या टाकीवर 100 वॅटचा एलईडी फ्लडलाइट. टाकीवर! टाकी काय रात्रीतून जिना उतरून पळून जाणार होती?

आणि मुहूर्त कुठला, तर कार्तिकातली अमावास्या. चार महिने पाऊस, मग ऑक्टोबरची धुरकट हवा, मग दिवाळी, आणि या सगळ्यातून वाचलेली पहिली धड रात्र. पावणेनऊला देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सी, माथ्याजवळ, पुण्यातून जवळपास 67 अंशांवर. तिचा फोटो काढायला दुर्बिणीचा माउंट लावला, तोल साधला, फोकस केला, पहिली फ्रेम सुरू केली आणि खट्ट. गच्चीवर सकाळ झाली.

बरं, लावणाऱ्याने तो निदान टाकीकडे तोंड करून लावावा? नाही. काच 45 अंशांत वर. टाकीखाली व्हॉल्व्ह आहे तिथे अजूनही काळाकुट्ट अंधार, मोटार बंद करायला जाणारा मोबाइलचा टॉर्च लावूनच जातो. बहुतेक उजेड थेट आकाशात. घार जात असेल एखादी, तिची सोय.

सेक्रेटरींना फोन केला. "काका, तो दिवा जरा खाली वळवता येईल का?"

"अहो, कसला झकास उजेड पडलाय! तुम्हाला तर उलट बरंच की, तारे स्वच्छ दिसतील."

तारे स्वच्छ दिसतील. उजेडात. तीन दिवस हे वाक्य आवळ्यासारखं तोंडात घोळवतोय, फक्त वर पाणी प्यायलं तरी गोड लागत नाहीये.

दिवा 6500 केल्व्हिनचा आहे, म्हणजे पांढराफटक, आणि त्याच्या पोटात 450 नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा भलामोठा उंचवटा. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांना आपणच शिव्या घालायचो ना? माफ करा रे बाबांनो. तुमचा बहुतेक उजेड 589 च्या आसपास गोळा झालेला असायचा, फिल्टरने बराचसा कापता यायचा. 450 चा उजेड हवेच्या रेणूंवर 589 च्या जवळपास तिप्पट विखुरतो, आणि हा दिवा निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे पसरलेला. कापणार काय आणि ठेवणार काय?

"ड्युअल बँड लाव ना." हे सांगणाऱ्यांचं एक वेगळं खातं उघडून ठेवलंय मी. ड्युअल बँड फिल्टर हायड्रोजनची 656 ची आणि ऑक्सिजनची 501 ची रेघ सोडतो आणि बाकीचं अडवतो. मृगातल्या तेजोमेघाला उत्तम, तो वायूच आहे. देवयानी म्हणजे ताऱ्यांचा उजेड, दिव्यासारखाच सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर लावला की उजेडाबरोबर दीर्घिकाही कापली जाते, हातात उरतात तिच्यातले चार लाल ठिपके. बारा-पंधरा हजारांचा फिल्टर घेऊन हे शिकायचं असेल तर शिका.

आता हिशेब. 72 मिमीची रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, फोकल लेंथ 400, क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, आयएसओ 800. परवापर्यंत 60 सेकंदांत हिस्टोग्रामचा, म्हणजे फ्रेममधल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावीकडून एक तृतीयांशावर यायचा. आता 20 सेकंदांत त्याच जागी. आकाश तिप्पट उजळ, म्हणजे तोच दर्जा हवा तर एकूण वेळही तिप्पट, तीन तासांचं काम नऊ तासांवर. नऊ तास देवयानी थांबते होय? साडेबाराला ती पश्चिमेच्या टॉवरमागे जाते. शिवाय उजेड एका बाजूने येतो, म्हणून फ्रेमचा एक कोपरा कायम दुधाळ. तो फ्लॅटने जात नाही. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचा फोटो, तो लेन्सच्या काळवंडलेल्या कडा आणि सेन्सरवरची धूळ दुरुस्त करतो, शेजारच्या दिव्याची घाण नाही. ती ग्रेडियंट, म्हणजे उजेडाचा उतार, म्हणून हाताने खरवडत बसायची, आणि खरवडताना दीर्घिकेचे बाहेरचे हात पण निघून येतात.

टॉवरवरून आठवलं. उत्तरेच्या टॉवरने ध्रुव आधीच गिळलाय. पुण्यात ध्रुव उणापुरा साडेअठरा अंश वर. 60 मीटरवर आपल्या गच्चीपेक्षा 20 मीटर उंच काही उभं राहिलं की संपला विषय. म्हणून दर वेळी ड्रिफ्ट, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवायचा. दक्षिणेला मध्यमंडलावरचा, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवरचा, आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा धरायचा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त गेलाय, पश्चिमेला ढकला. मग पूर्वेला खालचा तारा धरायचा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उचला. पुन्हा पहिला तारा. यात पाऊण तास जातो, आणि त्या पाऊण तासात हमखास कुणीतरी पापड वाळवलेली चादर न्यायला येऊन ट्रायपॉडला पाय मारतं.

वॉचमनला विचारलं, हा दिवा अचानक कशासाठी? तो जरा घुटमळला. म्हणाला, तक्रार आली होती. रात्री गच्चीवर कोणीतरी माकडटोपी घालून, लाल बत्ती घेऊन, वाकून वाकून फिरतं.

माकडटोपी माझी. लाल टॉर्चही माझा, डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून मुद्दाम घेतलेला. थोडक्यात, हा दिवा माझ्यासाठीच लागलाय, आणि बिलातला माझा वाटा मीच मेंटेनन्समधून भरणार.

असू दे. तरी राग जात नाही, कारण हा काही पहिला दिवा नव्हे. वर्षातली एक अमावास्या अख्खं गाव आपणहून साजरी करतं, ती लक्ष्मीपूजनाची, आणि नेमक्या त्याच रात्री फटाक्यांच्या धुरात कृत्तिकासुद्धा सापडत नाहीत. उलट कोजागरीला, चंद्राशिवाय काही म्हणजे काही दिसत नाही अशा रात्री, सगळी सोसायटी मसाला दूध घेऊन वर हजर: "आज दुर्बीण नाही लावली?" 27 ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा मेसेज 2003 पासून मरत नाही. त्या वर्षी मंगळ खरोखर जवळ होता, तेव्हाही तो 25 विकलांचा, चंद्र 1800 च्या वर. आणि दुर्बीण म्हणून विकलं जाणारं ते 60 मिमीचं खेळणं, खोक्यावर "525x". भिंगाच्या मिलिमीटरच्या दुप्पट मोठं दाखवता येतं हा नियम, म्हणजे 120 च्या पुढे नुसतं धुकं.

त्याच खोक्यात आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, फिरकीने बसवायचा काळा सोलर फिल्टर निघतो. तो कचऱ्यात टाका, आधी हातोडीने फोडून, म्हणजे दुसरा कुणी उचलणार नाही. दुर्बिणीने गोळा केलेली सगळी उष्णता त्या बोटभर काचेवर पडते, आणि काच तडकली की डोळा गेला. फिल्टर पुढेच हवा, भिंगाच्या तोंडावर, लाखातला एक भाग उजेड सोडणारी सोलर फिल्म, वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टीने बसवलेली, आणि फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, टोपण. एक्स-रेची फिल्म घेऊन येणाऱ्या काकांशी मी आता वाद घालत नाही, फिल्म हातातून काढून घेतो. सूर्याचं एक बरं आहे, त्याला कुणी फ्लडलाइट मारू शकत नाही. फिल्म लावून एफ 5.6 ला, आयएसओ 100 वर, 1/800 च्या आसपास. सकाळी आठ-नऊलाच उरका; स्लॅब तापला की काठ उकळत्या पाण्यासारखा थरथरतो.

दिव्याचं म्हणाल तर मागणी एवढीच: 10 वॅट, 2700 केल्व्हिन, काच जमिनीला समांतर, वर पत्र्याची टोपी, आणि माणूस आला तरच पेटणारा सेन्सर. व्हॉल्व्ह दिसेल, चोर दिसेल, मीही दिसेन. अर्ज दिलाय. पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणाले. मीटिंग पौष अमावास्येनंतर आहे.

तोवर दुर्बिणीच्या तोंडावर काळ्या योगा मॅटची फूटभर नळी, आतून काळं मखमल, आणि टाकीच्या बाजूला आजोबांची छत्री ट्रायपॉडला बांधलेली. छत्रीला वारा लागला की तारे अंड्यासारखे लांबट.

त्या रात्री शेवटी वैतागून दुर्बिणीवर पांढरा बनियन ताणून बसवला, दोन घड्या, आणि तिचं तोंड सरळ टाकीच्या दिव्याकडे केलं. एलईडी लुकलुकतो म्हणून एक्सपोजर सेकंदाच्या वर ठेवलं, नाहीतर पट्टे येतात, हिस्टोग्राम मध्यावर. देवयानीच्या फ्रेम शून्य. फ्लॅट 50, एकसारखे, गुळगुळीत, इतके सुंदर फ्लॅट या गच्चीवर आजवर कधी आले नव्हते.